चौथा गिअर

गंगापूर रोडला तीसच्या पाट्या लागल्या त्या आठवड्यात
आमच्या खैरनार मोटार ड्रायव्हिंग स्कूलची सगळ्यांनी थट्टा केली :
काय सर, आता अख्खं नाशिक तुमच्याकडे शिकतंय का?

तसं दिसत होतं खरं.
बावीस वर्षं माझ्या मारुतीच्या पाठीवर लाल एल
आणि त्या एलच्या पाठीवर हॉर्न.
आता मागची गाडी, तिच्या मागची, तिच्याही मागची
सगळ्या तिसऱ्या गिअरमध्ये,
खांदे आवळून, सारख्या काट्याकडे बघत,
पहिल्या दिवसाच्या शिकाऊसारख्या.

रिक्षावाला निरगुडे म्हणाला, तीस म्हणजे काय, वरात आहे का?
मीही शिव्या घातल्या, खोटं कशाला बोलू.
जेहान सर्कल ते अशोक स्तंभ, घड्याळ लावून बघितलं.
आधी अकरा मिनिटं. आता साडेबारा.
दिवसाच्या आठ फेऱ्या, म्हणजे बारा मिनिटं गेली.
बारा मिनिटांत एक चहा होतो,
अर्धा पेपर होतो.
(पेपर मी वाचत नाही. पण होतो.)

एक पांढरी गाडी होती, रोज सव्वानऊची.
पाटीबिटी न मानता सूं करून पुढे जायची
आणि मॅरेथॉन चौकात, लाल दिव्याखाली,
आमचीच वाट बघत उभी.
असं तीनदा झालं. चौथ्यांदा आतल्या माणसानं काच खाली केली,
ओशाळं हसला.
पाचव्यांदा तो आमच्या मागे होता.
हॉर्नवर हात होता त्याचा, पण नुसताच ठेवलेला,
मांजरावर ठेवतात तसा.

विमल अहिरराव. वय अठ्ठावन्न, सिव्हिलच्या निवृत्त सिस्टर.
क्लच सोडताना श्वास धरतात.
बाई, आधी श्वास सोडा, मग क्लच.
एकदा समोर बघत म्हणाल्या,
साठनं धडकलेला आणि तीसनं धडकलेला
आम्हाला स्ट्रेचर दारातून आत येतानाच कळायचा.
तीसवाला पाणी मागायचा.
पुढचं बोलल्या नाहीत. उजवा इंडिकेटर दिला.
वळायचं होतं डावीकडे.

दिवाळीच्या आगेमागे कुणीतरी रात्रीतून
मार्करनं तीनचा आठ केला.
सकाळी पाटीवर ऐंशी!
मी म्हटलं, आता बघा मजा.
रस्ता तीसनंच चालला.
पाटी कुणी वाचलीच नाही बहुतेक,
किंवा पायांना पाठ झालं होतं.
रात्री अकरानंतरचं मात्र विचारू नका.
तेव्हा पोरं ऐंशीची पाटी खरी करतात,
आणि मी बिछान्यात, उजवा पाय आपोआप
गादीत ब्रेक शोधतो.

हा पाय म्हणजे माझा धंदा.
शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो,
समोरचं पोर घाबरायच्या आत तो दाबायचा.
रविवार कारंजापाशी बूट शिवणारे सुखदेवमामा
दर चार महिन्यांनी नुसता उजवा तळ बदलायचे.
परवा बूट उलटे करून बघत बसले.
म्हणाले, सर, आजारी होता का?
दोन्ही सारखेच झिजलेत.

तक्रार माझी एकच उरली.
पोरांना चौथा गिअर येत नाही.
शहरात तो लागतच नाही. टाकला तर गाडी कण्हते,
म्हातारा बैल उठतो तशी धडधडते.
परीक्षेत विचारत नाहीत, म्हणून कुणाला पडलेली नाही.
विमलबाईंना पडली होती.
चौथा केव्हा? सर, चौथा केव्हा?

रविवारी पहाटे नेलं त्र्यंबक रस्त्याला,
शेवटच्या पाटीच्या पुढे.
टाका, म्हटलं.
टाकला. पन्नास. साठ. अंजनेरी समोरून
हळूहळू मोठा होत आला.
बाई काही बोलेनात. श्वास धरलाय की सोडलाय, कळेना.
माझा पाय ब्रेकच्या वर, अधांतरी.

दोनेक किलोमीटर असं गेलं.
मग त्यांनी आपणहून तिसरा टाकला, डावीकडे घेतली,
चहाच्या टपरीपुढे अगदी सरळ लावली.
"झालं बघून," म्हणाल्या.
"आता चहा तुमचा."